शहर, नाला आणि शिवार: मार्कंडेय खोऱ्यासाठी पाण्याचे एकच धोरण कसे लिहावे?

मार्कंडेयकाठ

नमस्कार. बेळगाव शहराच्या उत्तर आणि पश्चिम अंगाच्या काही गावांनी मिळून पाण्याविषयी एक निवेदन द्यायचे ठरवले आहे, आणि त्याचा मसुदा लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. उन्हाळ्यात टँकरसाठी अर्ज आणि पावसाळ्यात नुकसानभरपाईसाठी अर्ज ही दरवर्षीची रीत आता पुरे झाली, त्याऐवजी संपूर्ण खोऱ्यासाठी धोरण कसे असावे हे आपणच मांडावे, असा बैठकीचा सूर होता. बोलताना ते सोपे वाटले, पण लिहायला बसल्यावर पहिल्याच परिच्छेदात अडलो आहे.

खोऱ्याची ओळख ज्यांना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मार्कंडेय नदी पश्चिमेच्या डोंगरातून राकसकोप जलाशयात येते. या जलाशयाच्या पाणलोटाचा काही भाग तुडये परिसरात, म्हणजे महाराष्ट्राच्या चंदगड तालुक्यात आहे, जलाशय कर्नाटकात आहे आणि पाणी जाते बेळगाव शहराला. तिथून खाली हिंडलगा, कंग्राळी, काकती, कडोली या बाजूच्या शिवारांना लागून नदी पूर्वेकडे शिरूरच्या धरणापर्यंत जाते आणि पुढे गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. शहराच्या दक्षिणेकडचे पाणी बळ्ळारी नाल्यात उतरते आणि तो नालाही शेवटी मार्कंडेयलाच मिळतो. एकट्या राकसकोपवर शहराचे भागत नाही, म्हणून घटप्रभेवरच्या हिडकल धरणातूनही पाणी उचलून आणले जाते.

आता अडचण सांगतो. आमच्याकडे भात, रताळी, बटाटा आणि भाजीपाला पिकतो, पण त्याच शिवारात प्लॉटही पडत आहेत. जलजीवन मिशनचा निकष ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर इतका आहे, तर सांडपाण्याची गटारव्यवस्था असलेल्या शहरासाठी १३५ लिटर धरले जातात. रस्त्याच्या एका बाजूला महापालिका आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत असेल, तर दोन्हीकडच्या माणसांची तहान वेगळी कशी मानायची? शिवाय नदीचे पाणी पाटबंधारे खात्याचे, नळाचे महापालिकेचे किंवा पंचायतीचे, विहिरीचे ज्याच्या त्याच्या मालकीचे, आणि नाल्यातले मात्र कोणाचेच नाही, अशी आजची स्थिती आहे.

त्यामुळे जाणकारांना विचारायचे आहे ते असे. धोरणाचा आवाका तालुका धरावा की नदीचे खोरे? शहराचे पिण्याचे पाणी आणि गावांची शेती यांच्यातला क्रम कसा मांडावा, म्हणजे आम्ही शहराच्या विरोधात उभे आहोत असे दिसणार नाही? आणि हे निवेदन नेमके कोणाच्या टेबलावर ठेवावे?

पाटबंधाऱ्यातला जुना माणूस

आपल्या प्रश्नांचा रोख पाणीवाटपावर आहे. माझ्या मते वाटपापासून सुरुवात केलीत तर निवेदन तिथेच रुतेल, कारण पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम प्रत्येक सरकारी धोरणात आहे आणि तो असलाच पाहिजे. राकसकोपचे पाणी शहराला किती आणि शेतीला किती, हा वाद आपण घातला की समोरचा अधिकारी ‘पिण्यासाठी राखीव’ एवढे दोन शब्द उच्चारील आणि बैठक संपेल. आपण विचारायला हवे ते हे की शहराने घेतलेले पाणी परत कुठे येते, किती येते आणि कसल्या अवस्थेत येते.

याला चांगला आधार आहे, आणि आश्चर्य म्हणजे तो आंतरराज्य पाणीवाटपाच्या कागदातच आहे. आपली घटप्रभा कृष्णेची उपनदी, आणि कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, पाणीवापर मोजण्याची जी रीत घालून दिली तिच्यात सिंचनाचा वापर पूर्ण धरला आहे, घरगुती व नागरी वापर मात्र नदीतून उचललेल्या पाण्याच्या २० टक्के, आणि उद्योगांचा २.५ टक्के. याचा अर्थ शहराने शंभर लिटर उचलले तर राज्याच्या खात्यात वीसच लिटर वापर मांडला जातो, कारण उरलेले ऐंशी लिटर नदीला परत मिळते असे गृहीत आहे. हे गृहीतक गेली पन्नास वर्षे कागदावर चालत आले आहे. त्या ऐंशी लिटरचे प्रत्यक्षात काय होते, हे आपल्या खोऱ्यात पाहायचे असेल तर मार्च महिन्यात बळ्ळारी नाल्याच्या काठावर उभे राहावे.

थोडा हिशेब करू. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती. माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला साधारण ६ कोटी ५९ लाख लिटर पाणी लागते, आणि त्याचे ८० टक्के म्हणजे ५ कोटी २७ लाख लिटर सांडपाणी रोज बाहेर पडते. वर्षाचे ते होते १ कोटी ९२ लाख घनमीटर, म्हणजे पाऊण टीएमसीला (अब्ज घनफुटाला) थोडे कमी. हा अंदाज जुन्या लोकसंख्येवरचा आहे, आज आकडा वरच सरकेल. जानेवारी ते एप्रिल या १२० दिवसांपुरते पाहिले तर सुमारे ६३ लाख घनमीटर पाणी हाती येते. त्यातले निम्मे वाटेत जिरले किंवा उडाले असे मानले आणि रब्बीच्या पिकाला हेक्टरी ४,००० घनमीटर लागतात असे धरले, तरी सुमारे ७९० हेक्टर, म्हणजे साडेएकोणीसशे एकरांच्या आसपास जमीन भिजू शकते. नदी कोरडी पडते त्या महिन्यांत रोज न चुकता येणारा हा एकच प्रवाह आहे, आणि आपण त्याला गटार म्हणून सोडून दिले आहे.

हिडकलच्या पाण्याची गंमत तर वेगळीच आहे. ते घटप्रभेतून उचलून शहरात आणले जाते, घराघरांतून फिरते, नाल्यात पडते, नाल्यातून मार्कंडेयमध्ये येते आणि गोकाकजवळ पुन्हा घटप्रभेलाच मिळते. पाणी जाग्यावर परतले असे कागदावर म्हणता येईल, पण मधल्या वाटेवर ज्यांची शिवारे आहेत त्यांनी शहराची घाण वाहून नेण्याचे काम फुकटात केलेले असते. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर नदीचे खोरे असेच आहे, आणि त्यात हिडकलहून येणारी जलवाहिनीही एक उपनदी म्हणून धरावी.

निवेदनाचा मुख्य मुद्दा माझ्या मते एकच असावा, तो म्हणजे शहराच्या पाणीहक्काला परतीच्या पाण्याची अट जोडणे. शहराला वाढीव पाणी मंजूर करताना त्याच्या ऐंशी टक्क्यांच्या शुद्धीकरणाची सोय तयार आहे की नाही हे आधी पाहावे, आणि नसेल तर मंजुरी थांबवावी. हलगा येथे ७० दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र मंजूर झाले, तिथल्या भूसंपादनाला शेतकऱ्यांनी विरोध केला, तो सगळा इतिहास येथील वाचकांना ठाऊक आहे. केंद्राची क्षमता वरच्या हिशेबाला पुरेशी दिसते. पण शहरातले सगळे सांडपाणी गटारवाहिन्यांतून केंद्रापर्यंत पोहोचेल तेव्हाच त्या क्षमतेला अर्थ आहे. थेट नाल्यात सुटणाऱ्या तोंडांसाठी केंद्र असून नसल्यासारखेच असते.

यासाठी मोजणी हवी. राकसकोपमधून रोज किती पाणी उचलले, हिडकलच्या वाहिनीतून किती आले, केंद्रातून किती शुद्ध होऊन बाहेर पडले आणि नाला शहराची हद्द ओलांडतो तिथे त्यात किती व कसे पाणी होते, हे आकडे दर महिन्याला जाहीर व्हावेत. जुलैमध्ये राकसकोपची पातळी पूर्ण भरल्याच्या खुणेच्या, म्हणजे २४७५ फुटांच्या, किती जवळ आली हे आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. नाल्याचा आकडा मात्र कुठेच छापून येत नाही.

येळ्ळूर शिवार

सरांचा हिशेब मला पटला, पण त्यात दोन गोष्टी राहिल्या आहेत असे नम्रपणे सांगतो. त्या राहिल्या तर निवेदनावर आमच्या बाजूच्या शेतकऱ्यांच्या सह्या मिळणार नाहीत.

पहिली गोष्ट पावसाळ्याची. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, धामणे ही बासमतीची शिवारे आहेत. मेच्या अखेरीस धूळवाफ, म्हणजे कोरड्या जमिनीत, पेरणी होते, पाऊस वेळेवर आला तर जुलैपर्यंत भात टाचेभर होते, आणि नेमके तेव्हाच नाल्याचे पाणी शिवारात शिरते. नाल्याला पूर पूर्वीही येत असे, तो दिवसा-दोन दिवसांत ओसरे आणि मागे गाळ ठेवून जाई, त्याचे आम्हाला दुःख नव्हते. आता शहरातले पाणी मुरायला मोकळी जमीन राहिली नाही, त्यामुळे तासाभराच्या पावसाचे पाणी एकदम खाली येते. नाल्याचे पात्र गाळाने आणि जलपर्णीने भरलेले, रस्त्यांखालच्या मोऱ्या अरुंद, म्हणून आलेले पाणी आठ-आठ दिवस शेतात तुंबून राहते. भात सडले की दुबार पेरणी करावी लागते, आणि तोवर हंगाम निघून गेलेला असतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये सगळीकडेच महापूर होता, तेव्हाचे मी बोलत नाही. साध्या पावसाळ्यातही हे होते. तेव्हा पाणी कमी पडते तेवढेच धोरण लिहिले आणि पाणी जास्त होते त्याविषयी मौन पाळले, तर आमच्या दृष्टीने ते अर्धेच धोरण ठरेल. नाल्यातला गाळ मे महिन्याच्या आत निघाला पाहिजे, आणि नव्या वसाहतीला परवानगी देताना तिच्या छपरांवरचे व रस्त्यांवरचे पाणी तिच्याच आवारात किती मुरवणार, हे विचारले गेले पाहिजे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जातीची. सुगीनंतर आम्ही मसूर, वाटाणा, हरभरा घेतो, ती पिके बहुतेक ओलीवर येतात. ज्यांना भाजीपाला करायचा असतो ते नाल्यावर मोटार बसवतात. फूटव्हॉल्व्हला, म्हणजे पाण्यातल्या पाइपच्या तोंडाला, बारीक जाळी बांधली तरी दोन तासांत प्लास्टिकच्या पिशव्यांनी आणि केसांच्या गुंत्याने ती बुजते, मोटार बंद करून पाण्यात उतरावे लागते, आणि बाहेर आल्यावर पोटऱ्यांना रात्रभर खाज सुटते. पाणी काळे असते, सरीत फेस धरतो, आणि काही वर्षांनी जमिनीवर पापुद्रा येऊन तिचे मुरणे कमी होते. पीक मात्र जोमात दिसते, कारण त्यात नत्र भरपूर असते. कोथिंबीर, मेथी, पालक बाजारात घेणाऱ्याला ते कुठल्या पाण्यावर वाढले हे दिसत नाही.

तेव्हा शुद्ध केलेले पाणी शेतीला द्या असे म्हणताना कोणत्या पिकाला, किती शुद्ध, आणि वीज गेल्यावर केंद्र बंद पडले तर काय, हे लिहायलाच हवे. उद्यमबाग आणि मच्छे भागात ओतशाळा आणि मुलामा देण्याचे कारखाने आहेत. धातू असलेले सांडपाणी घरगुती सांडपाण्यात मिसळले तर कोणतेही साधे शुद्धीकरण केंद्र ते धातू पूर्णपणे वेगळे काढू शकत नाही, आणि मग ते आमच्या जमिनीत कायमचे मुक्कामाला येते. कारखान्यांचे पाणी कारखान्याच्या फाटकाच्या आतच शुद्ध व्हावे, ही अट आमच्याकडून पक्की समजावी.

टिळकवाडीहून

चर्चा चांगली चालली आहे. शहरात राहणारी एक व्यक्ती म्हणून थोडे लिहिते, कारण ‘शहर’ म्हणजे पाणी उपसणारा एकच मोठा नळ असे चित्र वरच्या मजकुरातून उभे राहते, ते पूर्ण खरे नाही.

शहराच्या दहा प्रभागांत २००८च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, मीटर बसले आणि वापराप्रमाणे बिल येऊ लागले. बाकीच्या प्रभागांनी त्यानंतरही वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी भरले. म्हणजे शहर आणि गाव यांच्यात जी दरी आहे तीच शहराच्या आतही आहे. १३५ लिटर हा सरासरीचा निकष आहे, माझ्या गल्लीमागच्या वस्तीत तो कधी पोहोचला असेल असे मला वाटत नाही. त्यामुळे शहराचे वाढीव पाणी थांबवण्याची सरांनी सुचवलेली अट प्रत्यक्षात कोणाच्या नळावर बसेल, याचा विचार व्हावा. बंगल्यात बोअरवेल असते, वस्तीत नसते. अट घालायचीच असेल तर ती नव्या मोठ्या वसाहतींच्या आणि व्यापारी जोडण्यांच्या मंजुरीवर घालावी, लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर घालू नये.

दुसरे असे की शहराजवळ स्वतःचे पाणी आहे आणि ते कोणी मोजतच नाही. येथील जांभा आणि त्याखालचा खडक यांच्यामुळे उथळ विहिरींना चांगले पाणी लागते. १९२४च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर सर्वांना माहीत आहे. १९९०च्या दशकातल्या टंचाईनंतर महापालिकेने शहरातल्या अनेक जुन्या विहिरी उपसून, गाळ काढून पुन्हा वापरात आणल्या होत्या. बागा, बांधकामे, गाड्या धुणे, स्वच्छतागृहे या कामांना विहिरीचे पाणी वापरले तर नदीवरचा भार तेवढा कमी होतो. अट एकच, शेजारची गटारवाहिनी गळकी नसावी, नाहीतर विहिरीत पाण्याबरोबर काय झिरपते हे सांगायला नको. धोरणात या विहिरींची नोंदवही आणि पावसाळ्याच्या आधीची व नंतरची पाणीपातळी यांना जागा असावी.

आणि एक गोष्ट थोडी स्पष्टच सांगते, राग नसावा. हिंडलगा, कंग्राळी बुद्रुक, मच्छे, पिरनवाडी यांची गणना २०११च्या जनगणनेतच नगर म्हणून झाली होती. तिथे चार-चार मजली इमारती आहेत, आणि त्यांचे सांडपाणीही कुठेतरी जातेच. शहराच्या नाल्याकडे बोट दाखवताना काठावरच्या वाढत्या गावांच्या गटारांचा उल्लेख निवेदनात नसेल, तर महापालिकेचा पहिला प्रश्न तोच असेल.

पाटबंधाऱ्यातला जुना माणूस

टिळकवाडीच्या ताईंनी घातलेली दुरुस्ती योग्य आहे. अट नव्या वसाहती आणि व्यापारी जोडण्या यांच्यावरच असावी.

येळ्ळूरच्या दादांनी पुराचा मुद्दा काढला म्हणून राकसकोपविषयी थोडे लिहितो, कारण उत्तरेकडच्या गावांत एक समज आहे की जलाशय जुलैत रिकामा ठेवला तर मार्कंडेयला पूर येणार नाही. राकसकोप हा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला लहान जलाशय आहे. वरच्या डोंगरात जोराचा पाऊस लागला की तो फार लवकर भरतो. त्याच्याकडून पूर अडवण्याची अपेक्षा करणे म्हणजे तांब्यात विहीर साठवण्यासारखे आहे, आणि मुद्दाम रिकामा ठेवला व पुढे पावसाने ओढ दिली तर शहर कोरडे पडेल. मागणी करायची ती पूर्वसूचनेची. दरवाजे किती वाजता आणि किती उघडणार हे खालच्या गावांना काही तास आधी कळले, तर काठावरच्या मोटारी आणि जनावरे तरी हलवता येतात.

नदीवरच्या बंधाऱ्यांचेही तसेच आहे. पावसाळा सरताना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालायला उशीर झाला तर पाणी वाहून जाते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते काढायला उशीर झाला तर पाणी काठ फोडून शिवारात घुसते. बरगे घालण्याची आणि काढण्याची तारीख व जबाबदार माणूस धोरणात लिहिलेला असावा. हे काम फार थोड्या पैशांत होते, आणि दरवर्षी नेमके तेच राहून जाते.

शुद्ध केलेल्या पाण्याविषयी माझे येळ्ळूरशी एकाच बाबतीत एकमत होत नाही. संपूर्ण शुद्धतेची वाट पाहत बसलो तर आणखी वीस वर्षे काळेच पाणी वापरावे लागेल. बंगळूरचे दुय्यम स्तरापर्यंत शुद्ध केलेले पाणी २०१८पासून कोलारच्या तलावांत सोडले जाते. तिथे भूजल वर आले आणि त्याच वेळी पाण्याच्या गुणवत्तेवरून तक्रारी आणि दावेही झाले, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मार्गदर्शक तत्त्वांत शुद्धीकरणाच्या जोडीला इतर अडथळेही मोजले आहेत. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीला हे पाणी न देणे, ठिबकने मुळाशी देणे, काढणीच्या आधी काही दिवस पाणी तोडणे, असे ते उपाय आहेत. सुरुवात ऊस, चारा आणि रोपवाटिकांपासून करावी असे मला वाटते.

कोर्ट आवार

निवेदन कोणाकडे द्यावे या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही, ते देतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ झेडडी अन्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असते. पंचायती आणि नगरपालिका यांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याच्या विकासाचा मसुदा तयार करणे हे तिचे काम आहे, आणि तो करताना पंचायती व नगरपालिका यांच्या समान हिताच्या ज्या बाबी विचारात घ्यायच्या आहेत त्यांत पाण्याची व इतर नैसर्गिक साधनांची विभागणी स्पष्टपणे नमूद आहे. शहर आणि गाव यांचे पाणी एकत्र बसून ठरवावे, हे आपण नव्याने मागत नाही आहोत, १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनेच ते सांगितले आहे. समिती बैठका घेते, आराखडा मंजूर करते, पण त्यात पाण्याचा एकत्रित हिशेब मांडला जावा यासाठी कोणी लेखी मागणी केली पाहिजे. निवेदन तिच्या नावे द्यावे आणि प्रती महापालिका, पाटबंधारे खाते व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना द्याव्यात. गावांनी आधी आपापल्या ग्रामसभेत ठराव करून घेतला तर निवेदनाचे वजन वाढते, कारण मग ते चार जणांच्या सह्यांचे पत्रक राहत नाही.

नाल्यातल्या प्रदूषणासाठी १९७४चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा पुरेसा आहे, नवे काही मागण्याची गरज नाही. भूजलासाठी कर्नाटकाचा २०११चा कायदा आहे. त्यात अधिसूचित क्षेत्रात विहीर किंवा बोअर घेण्यास परवानगी लागते आणि बोअर मारणाऱ्या यंत्रांची नोंदणी करावी लागते. आपल्या भागात खरा प्रश्न टँकरचा आहे. २०२३च्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात शहरालगतच्या शिवारांतल्या बोअरमधून भरलेले टँकर वसाहतींना जाताना सर्वांनी पाहिले. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाला वीज मोफत आहे. ती शेतीसाठी आहे, पाणी विकण्यासाठी नाही. विक्री करणाऱ्या बोअरची वेगळी नोंद आणि वेगळी वीजजोडणी असावी, एवढी मागणी जरूर घालावी. गावातले काही लोक नाराज होतील, पण शेजाऱ्याची विहीर आटवून झालेल्या विक्रीला गावानेच संरक्षण दिले तर शहराला उपदेश करण्याचा अधिकार उरत नाही.

म्हादई नदीच्या पाणीतंट्याचा विषय निवेदनात आणू नये, अशी विनंती आहे. त्या लवादाचा निवाडा १४ ऑगस्ट २०१८ रोजी आला, तो प्रश्न मलप्रभा खोऱ्याशी जोडलेला आहे आणि तीन राज्यांचे राजकारण त्यात गुंतले आहे. तो एक शब्द आला की बैठकीचा सगळा वेळ त्यावरच जाईल. हिडकलचे पाणी धारवाडच्या औद्योगिक वसाहतीला नेण्याच्या योजनेचे मात्र वेगळे आहे. ते पाणी याच शहराच्या स्रोतातले असल्यामुळे खोऱ्याच्या हिशेबात त्याची नोंद झालीच पाहिजे. तुडये बाजूच्या पाणलोटावर येथील समितीचा अधिकार चालणार नाही, तिथे दोन जिल्हाधिकाऱ्यांच्या समन्वयाची शिफारस तेवढी करता येईल.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ज्या तालुक्यात एखाद्या भाषिक अल्पसंख्याक समाजाची संख्या १५ टक्के किंवा अधिक असते, तिथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्रीय संरक्षण योजनेत आहे. समितीचा मसुदा मराठीतही मिळावा, अशी एक ओळ निवेदनात घालावी. निवेदन मात्र कन्नड आणि मराठी दोन्हींत द्यावे, कारण खालच्या अंगाची हुक्केरी व गोकाककडची गावे कन्नडभाषक आहेत आणि नाल्याचा त्रास त्यांनाही तेवढाच आहे. त्यांच्या चार पंचायतींचे ठराव सोबत असले तर हा सीमावादाचा विषय आहे असे म्हणून कोणाला तो बाजूला सारता येणार नाही.

येळ्ळूर शिवार

कोर्ट आवारांचा शेवटचा मुद्दा लाखमोलाचा आहे. शिरूरच्या बाजूला आमचे पाहुणे आहेत, त्यांच्यामार्फत तिथल्या पंचायतींशी बोलतो.

ऊस आणि चाऱ्यापासून सुरुवात करण्याविषयी मात्र माझी शंका कायम आहे. बासमतीच्या शिवारात ऊस आला की तो बारमाही पाणी मागतो, आणि शुद्ध पाणी कमी पडले की शेतकरी पुन्हा नाल्यावरच मोटार टाकणार. चारा चालेल.

मार्कंडेयकाठ

सर्वांचे आभार. आवाका नदीचे खोरे धरून, हिडकलच्या वाहिनीसह, मसुदा नव्याने लिहायला घेतला आहे. सुरुवात परतीच्या पाण्याच्या हिशेबाने होईल, लगोलग नाल्याचा पूर येईल, आणि पिण्याच्या पाण्याचा क्रम निर्विवाद मान्य आहे असे पहिल्याच पानावर लिहिले जाईल. काठावरच्या गावांच्या सांडपाण्याचा परिच्छेदही घालतो आहे. आमच्या गावचाही त्यात समावेश असल्यामुळे बैठकीत थोडी खळखळ होईल, ती होऊ द्यावी. टँकरच्या बोअरचा मुद्दा ग्रामसभेत आधी मांडून पाहतो, कारण तो मांडणाऱ्याच्या शेजारीच दोन टँकर उभे असतात.

शुद्ध केलेले पाणी आधी शेतीला की उद्योगांना, यावर इथे कोणी थेट लिहिले नाही. राज्याचे २०१७चे धोरण शुद्ध सांडपाणी उद्योगांना विकण्यास उत्तेजन देते, आणि महापालिकेला त्यातून उत्पन्न मिळेल. पण ते पाणी होनगा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांकडे वळले तर बच्छावत लवादाच्या हिशेबातले ऐंशी टक्के नदीला कसे परत मिळणार, हे मला सुटत नाही. आजवर नाल्यावर भिजत आलेल्या क्षेत्रापुरते पाणी आधी राखून ठेवावे आणि त्यावरचे विकावे, असे तूर्त लिहिले आहे. ते क्षेत्र ठरवण्यासाठी नाल्यावरच्या मोटारींची सर्व्हे नंबरनिहाय यादी लागेल. येळ्ळूर, धामणे, हलगा बाजूच्या मंडळींनी आपापल्या शिवाराची यादी ग्रामसभेच्या आधी पाठवावी. सोबत कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत मोटार चालते तेही लिहावे, आणि गेल्या पावसाळ्यात कोणत्या तारखांना पाणी शिवारात होते ते त्याच कागदाच्या मागे लिहिले तरी चालेल.